घोडा लंगडला, स्पर्धा सात आठवड्यांवर: बदली घोडा कसा शोधावा

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली सकाळ. डॉक्टर आमच्या कुमैताच्या, म्हणजे तांबूस-तपकिरी घोड्याच्या, पुढच्या डाव्या पायावरून, गुडघ्याखालून घोट्याकडे, मागच्या बाजूने दोन बोटं फिरवत आले आणि मध्येच थांबले. "इथं हात लावून बघा." मी लावला. उजव्या पायापेक्षा तो भाग कोमट होता आणि एरवी दोरीसारखी ताठ लागणारी शीर किंचित बाहेर आली होती, केळ्याच्या पाठीसारखी. सोनोग्राफीत पक्कं झालं: टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी ती शीर, फाटला होता. नऊ महिने, कदाचित वर्ष. माझी लेक पंधरा वर्षांची आणि डिसेंबरातली शो जंपिंगची, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडायची, मोठी ज्युनियर स्पर्धा सात आठवड्यांवर. तिने घोड्याच्या मानेत तोंड खुपसलं, आणि मी तबेल्याबाहेर जाऊन लगेच फोन लावायला लागले. "कुणाकडे एक मीटर दहाची उडी मारणारा घोडा मिळेल का?"

त्या दिवशी मी अकरा फोन केले. त्यातला एकही उपयोगी पडला नाही, कारण मला काय हवंय हेच मला ठाऊक नव्हतं. पुढे घोडा मिळाला, लेक त्यावर स्पर्धेत उतरली, घोडा धडधाकट परतही गेला. ज्यांचं मूल या खेळात दोन-तीन वर्षांपूर्वी आलंय आणि ज्यांच्या घरात घोड्यांची परंपरा वगैरे काही नाही, अशा आईबाबांसाठी तो सगळा क्रम इथे लिहिते.

फोन उचलण्याआधी: किती दिवस?

डॉक्टरांना आधी हे विचारा. खुरात गळू झालं असेल किंवा दगड लागला असेल तर गोष्ट आठवड्या-दोन आठवड्यांची. मग बदली घोडा शोधूच नका. मुलीला क्लबच्या शाळेच्या घोड्यांवर बसवा, एखादी छोटी स्पर्धा सोडा. पोटशूळाचं ऑपरेशन झालं असेल तर काही महिने जातात. टेंडन किंवा सस्पेन्सरी (पायामागचा आधाराचा अस्थिबंध) असेल तर सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत, आणि त्यातही "चांगलं दिसतंय" म्हणून घाई केली की पुन्हा तिथेच फाटतं.

हे आधी कळलं पाहिजे, कारण काही आठवड्यांसाठी घोडा मागणं आणि वर्षभरासाठी मागणं या अगदी वेगळ्या मागण्या आहेत. मालक वेगळे, पैसे वेगळे, कागद वेगळे.

मग उलटीकडून मोजा. आज ते स्पर्धा, किती आठवडे? माझा अंदाज सांगते, तो अनुभवाचा आहे, नियम नव्हे. सहा ते आठ आठवडे असतील तर अनोळखी घोड्याशी नीट जमवता येतं. तीन-चार असतील तर स्पर्धेचा वर्ग, म्हणजे उडीची उंची, एक पायरी खाली आणायचा. दहा दिवस असतील तर स्पर्धा सोडायची. दहा दिवसांत परक्या घोड्यावर मोठ्या उंचीच्या उड्या मारायला मुलाला पाठवणारे पालक मी पाहिलेत. त्यांच्या धाडसाचं कौतुक मला कधीच वाटलं नाही, कारण पडणारे ते नसतात.

दुसरा फोन नियमांसाठी

मी हा फोन सर्वात शेवटी केला. खरं तर तो पहिल्याच दिवशी करायला हवा होता. विचारायचं हे: या स्पर्धेची पात्रता रायडरची आहे, घोड्याची आहे, की जोडीची? आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफईआयच्या मोठ्या स्पर्धांत ड्रेसाज (ठरलेल्या चालींची कवायत) आणि इव्हेंटिंग (ड्रेसाज, मोकळ्या रानातली दौड आणि उड्या एकत्र) यांची किमान पात्रता त्या रायडरने त्याच घोड्यावर मिळवलेली असावी लागते. घोडा बदलला की पाटी कोरी. आपल्याकडच्या स्पर्धांसाठी इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाची त्या वर्षाची नियमावली आणि आयोजकांचं पत्रक, दोन्ही समोर ठेवा आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या. "चालतंय हो" असं तोंडी उत्तर देणारा माणूस स्पर्धेच्या सकाळी हजर असेलच असं नाही.

त्याच ईमेलमध्ये आणखी तीन गोष्टी विचारा. नोंदणीत घोडा बदलायची शेवटची तारीख कोणती. घोड्याची फेडरेशनकडे नोंदणी आणि पासपोर्ट लागतो का, आणि तो मालकाच्या नावावर असला तर चालतो का. तिसरं, स्पर्धेच्या मैदानावर मुलीऐवजी कोच घोड्यावर बसू शकतो का. एफईआयच्या ड्रेसाज स्पर्धांत रायडरशिवाय दुसऱ्या कुणी घोडा तयार केला तर थेट बाद करतात. सईसाने सैल लगामावर फिरवणं चालतं. "सर बसून घोडा शांत करतील, मग तू बस" हा आपला लाडका बेत त्यामुळे जागच्या जागी कोसळू शकतो.

वयाचं गणितही एकदा तपासा. एफईआयमध्ये चिल्ड्रन १२ ते १४, ज्युनियर १४ ते १८, यंग रायडर १६ ते २१, आणि वय कॅलेंडर वर्षावर मोजतात. हे पाहायचं कारण असं की चौदाव्या वर्षी मूल दोन्ही गटांच्या उंबरठ्यावर असतं, आणि बदली घोडा मिळाला त्या वर्षी खालचा, कमी उंचीचा गट शिल्लक असेल तर तो सोन्यासारखा असतो.

कसा घोडा हवा, हे कागदावर लिहा

आपण नकळत "आमच्यासारखाच" घोडा शोधतो. मीही तेच केलं. आमचा कुमैत सोळा हात दोन इंच, म्हणजे १६७ सेंटिमीटरच्या वर, लांब टाळ्यांचा (टाळी म्हणजे पळताना घोड्याची एक ढांग), अडथळ्याकडे स्वतःहून जाणारा. तसाच दुसरा शोधण्यात माझे काही दिवस गेले. शेवटी कोच सर म्हणाले, "मॅडम, तसा घोडा ज्याच्याकडे असेल तो दुसऱ्याच्या मुलीला कशाला देईल?" घोडं नेमकं कुठं पेंड खात होतं ते तेव्हा कळलं.

मग आम्ही यादी उलटी केली. घोडा काय करू शकतो हा रकाना मागे गेला. मुलगी घाबरली, चुकली, लगाम ओढून बसली, तर तो काय करतो हा रकाना पुढे आला. यादी साधारण अशी झाली: वय दहा ते सोळाच्या दरम्यान. स्पर्धेत किमान दोन वर्षं उतरलेला. हव्या असलेल्या वर्गापेक्षा दहा-वीस सेंटिमीटर जास्त उंची सहज मारणारा, म्हणजे आमच्या वर्गात त्याला आराम वाटेल. लाउडस्पीकर, झेंडे, प्रेक्षकांच्या टाळ्या यांची सवय असलेला. लाथ-चावा नाही. आणि आम्ही वर्ग एक मीटर दहावरून एक मीटरवर आणला. लेक दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

वजनाचं फार मनावर घेऊ नका. सर्वसाधारण आडाखा असा की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं. पंचावन्न किलोची मुलगी आणि आठ किलोचं सामान साडेचारशे किलोच्या थरोब्रेडला, म्हणजे रेसच्या जातीच्या घोड्याला, जड नाहीच. पोनीवर मात्र वजनाआधी पायांची लांबी आडवी येते. १४८ सेंटिमीटरपर्यंतच्या पोनीवर उंच मुलाचे पाय पोटाच्या खाली लोंबतात आणि मग तो ताल धरू शकत नाही.

शोधायचं कुठे

कोचपासून सुरुवात करा, आणि कोचच्या मार्फतच शोधा. हे जग फार छोटं आहे. पुण्यातला नालबंद मुंबईतल्या तीन तबेल्यांचे घोडे ओळखतो. कुठला घोडा खरोखर शांत आहे आणि कुठल्याला पाहुणे आले की गोळी देतात हे नालबंदाला मालकाच्या आधी माहीत असतं. आमचा घोडा शेवटी त्यानेच सुचवला.

आमच्या भागात महालक्ष्मीचा अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, तळेगावजवळ जापालूप हे घोडेस्वारी केंद्र आहे, लष्करी संस्थांशी जोडलेले रायडर आहेत, आणि अधेमधे खासगी तबेले. तिथे तीन प्रकारच्या लोकांचा शोध घ्या. एक, ज्यांचं मूल नुकतंच परदेशी शिकायला गेलंय आणि घोडा उभा आहे. दोन, ज्यांचं मूल बारावीत आहे आणि पुढचे सहा महिने स्पर्धा बंद. तीन, वयाने मोठे हौशी रायडर, ज्यांचा घोडा अनुभवी आहे पण त्यांना आता उड्या मारायच्या नाहीत. या तिसऱ्या गटाकडे कुणी विचारतच नाही. आमची सुरंग, म्हणजे तांबूस, घोडी तिथूनच आली, एका निवृत्त कर्नलसाहेबांकडून.

आता कुठे शोधू नये ते. पुण्याचा रेसचा हंगाम साधारण जुलै ते ऑक्टोबर, मुंबईचा नोव्हेंबर ते एप्रिल. हंगाम संपला की रेसमधून निघालेले घोडे स्वस्तात, कधी फुकटही मिळतात, आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "एवढ्या पैशांत स्वतःचाच घेऊन टाका की!" आपल्याकडचे बहुतेक उडीचे घोडे मूळचे रेसचेच आहेत हे खरं. पण रेसवरून उतरलेल्या घोड्याला डोकं खाली घालून चालायला, डावी-उजवीकडे सारखं वळायला शिकवायला महिने लागतात. तो दोन वर्षांनंतरचा घोडा आहे, सात आठवड्यांनंतरचा नव्हे. सारंगखेड्याच्या यात्रेतही नको. तापीकाठचा तो बाजार जन्मात एकदा बघावाच, पण तिथले मारवाडी-काठियावाडी चाल आणि रुबाब यासाठी घेतले जातात. शो जंपिंगचा तयार घोडा तिथे तीन महिन्यांच्या बोलीवर मिळत नाही.

घोडामैदान: पाहायला जायचं तेव्हा

सांगितल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. उद्धटपणा वाटेल, पण एक गोष्ट पाहायची असते: घोडा आधीच घामाघूम आहे का? असेल तर तुमच्यासाठी त्याला सकाळीच दमवून ठेवलंय. तबेल्यातच, खोगीर चढवण्याआधी त्याला बघा. माणूस आत आला की कान मागे टाकतो का, पाठ वळवतो का. पायांवर पट्ट्या असतील तर सोडायला सांगा. चारही पायांवरून हात फिरवा, डावा-उजवा जोडीने, ऊब सारखी आहे का ते बघा. मला हे करायला आमच्याच दुखापतीने शिकवलं.

मग कडक जमिनीवर, सरळ रेषेत, सईसाला सैल दोरीवर दुडकीत पळवायला सांगा, आधी दूर आणि मग तुमच्याकडे. डोकं बघा. पुढचा दुखरा पाय टेकतो तेव्हा घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकतो तेव्हा खाली घालतो. एकदा हे दिसलं की मग सगळीकडे दिसत राहतं. लग्नाच्या वरातीतसुद्धा.

बसण्याचा क्रम ठरलेला: आधी मालक किंवा त्यांचा रायडर, मग तुमचे कोच, मग मुलगी. मालकाकडून कुणीच बसायला तयार नसेल तर तिथूनच नमस्कार करून निघा. मुलीने पहिल्या दिवशी चाल, दुडकी, कँटर (दुडकीपेक्षा वेगाची उसळती चाल), डावीकडून आणि उजवीकडूनही, थांबणं, मागे येणं, एवढंच करायचं आणि शेवटी एखादी छोटी आडवी काठी. मोठी उंची त्या दिवशी नाहीच. कोणी आग्रह केला तरी नाही.

कर्नलसाहेबांच्या घोडीवर लेक पहिल्यांदा बसली तेव्हा दोन मिनिटांत घोडीने मान झटकायला सुरुवात केली. लेकीने लगाम आणखी आवळला, घोडीने आणखी झटकली. कडेला उभा असलेला सईस, पन्नाशीचा, इतका वेळ गप्प होता. तो पुढे आला आणि म्हणाला, "ताई, हिच्या तोंडात हात नको. हात सोडा, पायाने सांगा." लेकीने बोटं उघडली. लगाम चार इंच पुढे गेला असेल. घोडीने मान खाली टाकली, नाकातून एक लांब फुस्सकन श्वास सोडला आणि कँटर एकदम गोल झाला. आमच्या कुमैताला तोंडावर वजन लागायचं, हिला नको होतं. सईस बोलला नसता तर हे आम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळलं असतं, कदाचित पडून. म्हणून सईसाला वेगळं गाठा, चहा पाजा आणि विचारा: कशाला घाबरतो, ट्रकमध्ये चढतो का, एकटा राहतो का, खायचं काय, शेवटचा कधी लंगडला.

दुसऱ्यांदा जा. वेगळ्या वेळी, शक्य असेल तर वेगळ्या मैदानावर. दुसऱ्या खेपेला दोन-चार उड्या, हव्या असलेल्या वर्गापेक्षा वीस सेंटिमीटर खाली. व्हिडिओ घ्या आणि घरी बघा. मैदानावर सगळेच घोडे आवडतात.

डॉक्टर आणि कागद

तपासणी तुमच्या डॉक्टरांकडून करून घ्या, मालकाच्या नव्हे. सांधे वाकवून लगेच पळवून बघणं, खुरांना चिमट्याने दाब देऊन बघणं, डोळे, हृदय. पाच-सहा आठवड्यांसाठी इतकं कशाला असं वाटेल. यासाठी, की परत देताना "तुमच्याकडे असताना झालं" आणि "आधीपासूनच होतं" या वादाला तारखेचा कागद हवा. जुने ओरखडे, गाठी, सगळ्यांचे फोटो त्याच दिवशी काढा.

मग रोगांचे रिपोर्ट. ग्लँडर्स हा घोड्यांकडून माणसालाही होणारा रोग आहे, २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली येतो, आणि त्यात सापडलेल्या घोड्यावर उपचार करत नाहीत, त्याला दयामरण द्यावं लागतं. म्हणून स्पर्धेचे आयोजक ग्लँडर्स आणि इक्वाइन इन्फेक्शस अॅनिमिया (घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय) या दोन्हींचे निगेटिव्ह रिपोर्ट मागतात. तपासणीचं मोठं ठिकाण हरियाणात हिसारला, राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. नमुना पाठवणं, रिपोर्ट येणं यात दिवस जातात, मधे सुट्ट्या येतात. घोडा पसंत पडला त्याच दिवशी नमुना घ्यायला सांगा, नाहीतर रिपोर्ट वरातीमागून येतो. फ्लूच्या लशीची नोंदही बघा. एफईआयच्या नियमात मागचा डोस स्पर्धेआधीच्या सहा महिने २१ दिवसांच्या आत हवा आणि स्पर्धेला पोचण्याआधीच्या सात दिवसांत दिलेला नको.

औषधांकडे नव्या पालकांचं लक्षच जात नाही, म्हणून जरा थांबून सांगते. आंतरराष्ट्रीय नियमांत घोड्याच्या अंगात बंदी असलेलं काही सापडलं तर जबाबदार व्यक्ती म्हणजे रायडर, मग तो चौदा वर्षांचा असला तरी. घोडा तुमचा नसला तरी. तुम्ही घोडा आणलात आणि त्याआधी चार दिवस त्याला दुखण्यासाठी ब्यूट, म्हणजे फिनाइलब्युटाझोन, दिलेलं असेल तर? एफईआयच्या यादीत त्याचा सापडण्याचा काळ सात दिवसांचा आहे, आणि डॉक्टर त्यावर आणखी काही दिवस राखून सांगतात. मालकाकडून मागच्या महिन्याभरात दिलेल्या प्रत्येक औषधाची, इंजेक्शनची आणि चोळायच्या मलमाची यादी लेखी घ्या. हो, मलमाचीसुद्धा. २००८ च्या ऑलिम्पिकच्या घोडेस्वारी स्पर्धा हाँगकाँगला झाल्या, तेव्हा चार घोड्यांमध्ये कॅप्सायसिन सापडलं. मिरचीला तिखटपणा देतो तोच पदार्थ, उष्णता देणाऱ्या मलमांत असतो. त्यात नॉर्वेच्या संघाचं शो जंपिंगचं कांस्यपदक गेलं.

बोली, पैसे आणि एक पानाचा करार

घोडा घ्यायचे प्रकार साधारण असे. क्लबचा घोडा, दर बैठकीमागे पैसे. अर्धी लीज: घोडा मालकाकडेच, आठवड्यातले ठरलेले दिवस तुमचे. पूर्ण लीज: घोडा तुमच्या तबेल्यात, सगळा खर्च तुमचा. फक्त स्पर्धेपुरता: आधी काही सराव आणि मग ते तीन दिवस. आणि पाचवा, "अहो आपलाच आहे, न्या, पैसे कसले!" हा पाचवा सगळ्यात महाग. पैसे घेतले नाहीत म्हणून कागद होत नाही, कागद नाही म्हणून घोड्याला काही झालं की मैत्रीही जाते. आमच्या ओळखीतल्या दोन कुटुंबांचं बोलणं अशाच एका फुकटच्या घोडीवरून तीन वर्षं बंद आहे.

आम्ही अर्धी लीज घेतली, कर्नलसाहेबांच्याच तबेल्यात. रोज पंचवीस किलोमीटर गाडी चालवली, पण घोडीचा सईस, तिचं खाणं, तिची शेजारीण काहीच बदललं नाही, आणि सहा आठवड्यांच्या मुदतीत हे फार मोठं असतं. घोडा हलवलात तर नव्या जागेत रुळायला त्याचा एक आठवडा सहज जातो. खाणं बदलायचंच असेल तर आठवडाभर तरी थोडं थोडं करून. लसूणघासावरून एकदम दुसऱ्या चाऱ्यावर नेलेला घोडा पोटशूळाने लोळतो.

करार एका पानाचा असू दे, पण त्यात हे हवंच: मुदत, आणि दोघांपैकी कुणीही आधी थांबवू शकेल का. आठवड्यातून किती दिवस उड्या आणि कमाल उंची किती. आमच्यात लिहिलं होतं: दोन दिवस, सरावात ९० सेंटिमीटर, स्पर्धेत एक मीटर. मुलगी आणि कोच सोडून कुणी बसायचं नाही. नाल, डॉक्टर, वाहतूक यांचे पैसे कोण देणार. नाल चार ते सहा आठवड्यांनी बदलावी लागते, म्हणजे सहा आठवड्यांच्या लीजमध्ये एकदा तरी येणारच. तातडीच्या वेळी मालकाचा फोन लागला नाही तर डॉक्टरांना परवानगी कोण देणार, ऑपरेशनची वेळ आली तर खर्चाची मर्यादा किती. चाबूक आणि स्पर (बुटाच्या टाचेवरची आर) वापरायचे की नाही. बक्षिसाचे पैसे कुणाचे. विमा असेल तर नेमका कशाचा, घोड्याच्या मृत्यूचा की दुखापतीचाही, आणि दुसरा रायडर बसलेला त्यात चालतो का. हे शेवटचं विमा कंपनीकडून लेखी.

कराराचा मसुदा घेऊन गेले तेव्हा कर्नलसाहेबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि शेवटी पेनने एक ओळ घातली: "घोडीला सोमवारी सुट्टी." बाकी एक शब्द बदलला नाही.

खोगीर

तुमचं खोगीर या घोड्याला बसेलच असं नाही. रेसच्या घोड्यांचे खांदे उंच असतात. मुलगी बसलेली असताना खांद्याच्या उंचवट्यावर खोगिराखाली दोन-तीन बोटं जायला हवीत. अर्ध्या तासाच्या कामानंतर खोगीर काढून घामाचा ठसा बघा. सगळी पाठ ओली आणि मध्ये एक कोरडा ठिपका असेल तर तिथे दाब येतोय अशी शंका घ्यायची. बिट, म्हणजे लगामाची तोंडात जाणारी कडी, आपलं लावूच नका. घोड्याचं जे आहे तेच.

सहा आठवड्यांत जमवणं

पहिला आठवडा उड्या नाहीत. दुसऱ्यात जमिनीवर पडलेल्या काठ्या आणि छोट्या ओळी. तिसऱ्या-चौथ्यात छोटे कोर्स, म्हणजे अडथळ्यांची ठरलेली मालिका. पाचव्यात कुठलीतरी लहान स्पर्धा, दोन पायऱ्या खाली, केवळ गर्दी आणि घंटेसाठी. सहाव्यात कमी काम. कागदावर हे सोपं दिसतं. आमचं घोडं अडलं ते टाळ्यांत, म्हणजे ढांगांत.

कँटरची सर्वसाधारण टाळी बारा फुटांची धरतात. साठ फुटांवर दोन अडथळे असतील तर सहा फूट उतरण्याचे, सहा फूट उडीच्या आधीचे, राहिले अठ्ठेचाळीस, म्हणजे चार टाळ्या. मुलं कोर्स पायी मोजतात ती अशीच: तीन फुटांचं पाऊल, चार पावलं म्हणजे एक टाळी. आमच्या कुमैतावर लेक उतरली की नुसती बसून राहायची, चार टाळ्या आपोआप पडायच्या. घोडीची टाळी अकरा फुटांची. चार टाळ्यांत चव्वेचाळीस फूट, चार फूट शिल्लक. मग एक तर घोडी लांबून उडी मारे आणि काठी पाडे, नाहीतर पाचवी टाळी कोंबे. दोन आठवडे लेक तिच्यावर चिडत होती. सरांनी मग तिला एकच सांगितलं, "उतरल्यावरची पहिली टाळी तुझी, बाकीच्या तिच्या." उतरताच पाय लावायचा, पहिली टाळी मोठी काढायची, मग सोडून द्यायचं. नवा घोडा आणलात की पहिल्याच आठवड्यात त्याची टाळी मोजून काढा, सईसाला ओल्या मैदानावर खुरांच्या ठशांमध्ये टेप धरायला सांगून.

मुलाला हेही सांगा की परक्या घोड्यावर बसणं ही कमीपणाची गोष्ट नाही. युथ ऑलिम्पिकमध्ये सगळे रायडर चिठ्ठीने मिळालेल्या परक्या घोड्यांवरच उड्या मारतात. भारताचा इव्हेंटिंग रायडर फवाद मिर्झाने टोकियो ऑलिम्पिकसाठी आधी दजारा फोर हा घोडा ठरवला होता, ऐनवेळी सेन्योर मेडिकॉटवर उतरला आणि तेविसावा आला. अर्थात दोन्ही घोडे त्याच्या रोजच्या ओळखीचे होते, हा फरक विसरू नका. उलटं उदाहरणही सांगा. त्याच टोकियोत मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये, म्हणजे पाच खेळांच्या एकत्र स्पर्धेत, खेळाडूंना अनोळखी घोड्याशी ओळख करून घ्यायला वीस मिनिटं मिळायची. आघाडीवर असलेल्या जर्मन खेळाडूचा घोडा अडून बसला, ती रडत चाबूक मारत राहिली, आणि थेट एकतिसाव्या क्रमांकावर गेली. त्या गदारोळानंतर पॅरिस २०२४ नंतर पेंटॅथलॉनमधून घोडेस्वारीच काढून टाकायचं ठरलं. माझ्या लेकीने तो व्हिडिओ पाहिला आणि विचारलं, "ती उतरली का नाही?" मग आम्ही ठरवलं: घोडीने दोनदा नकार दिला तर हात वर करून सलाम करायचा आणि बाहेर यायचं. मला आधी विचारायचं नाही.

आणि आपला घोडा?

त्याला विसरू देऊ नका. या काळात खर्च दुप्पट होतो आणि मुलाचा वेळ निम्मा, त्यामुळे आजारी घोडा सईसाच्या भरवशावर पडतो. आम्ही नियम केला: घोडीकडे जाण्याआधी कुमैताला खरारा, दहा मिनिटं हाताने फिरवणं, पायाला थंड पाण्याची धार. पहिले काही दिवस लेक घोडीला प्रेमाने हातही लावायची नाही. गाजर देणं म्हणजे फितुरी वाटायची तिला. ते आपोआप गेलं, मी मध्ये पडले नाही.

परत देताना

स्पर्धेत लेक सातवी आली, एक काठी पडली. चार टाळ्यांच्या ओळीत नव्हे, शेवटच्या वळणावर, जिथे तिने लगाम आवळला.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता, घोडीची सुट्टी. मंगळवारी आम्ही डॉक्टरांना घेऊन गेलो. पहिल्या दिवशीच्या फोटोंसमोर चारही पाय पुन्हा तपासले, नाल नवी होती ती दाखवली, दिलेल्या औषधांची यादी दिली. त्यात एकच नोंद होती, खरचटल्याला लावलेलं मलम, तारखेसह. उरलेल्या दिवसांचे पैसे साहेबांनी परत करायला काढले, ते आम्ही सईसाच्या हातात ठेवले. लेक आत घोडीच्या ठाणावर गेली ती वीस मिनिटं बाहेर आली नाही. बाहेर आली तेव्हा जॅकेटचा खिसा रिकामा होता आणि बाहीवर गाजराची लाळ.